एअर रायफल, आठ महिने आणि दोन मिलिमीटर

गेल्या आठवड्यात दुकानाने अखेर माझ्या एअर रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा मोफत बदलून पाठवल्या, आणि त्या पाहूनच हा अनुभव लिहायला बसलो. कारण ज्या दोषाबद्दल मी पाच महिने भांडत होतो, तो या नव्या रिंगांतही जसाच्या तसा आहे.

मुळात मला वेड होते ते एअरसॉफ्टमधल्या, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यांनी खेळायच्या लुटुपुटीच्या लढाईतल्या डीएमआरचे, म्हणजे दुर्बीण लावून लांबून एकेक गोळी नेमकी टाकणाऱ्या रायफलीचे. पण तशी प्रतिकृती परदेशातून मागवून ती कस्टम्समध्ये अडकते का याची वाट पाहण्याइतका मी धाडसी नाही, आणि त्या खेळाला लागणारी जागा आणि माणसे मुलुंडमध्ये दर रविवारी कुठून जमवायची? म्हणून 4.5 मि.मी.ची, नळी मोडून, म्हणजे बिजागरीतून खाली वाकवून, भरायची देशी स्प्रिंग रायफल घेतली. एवढ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. एक मात्र बजावून सांगतो. एअरसॉफ्टची 6 मि.मी.ची प्लास्टिकची गोळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवलेल्या प्रतिस्पर्ध्यावर मारण्यासाठीच असते; इथे शिशाचा छर्रा आहे आणि तो टार्गेटच्या कागदाखेरीज कशावरही झाडायचा नाही. माझा सगळा सराव कर्जतला मेहुण्यांच्या वाडीत होतो. 25 मीटरवर चिंध्या ठासून भरलेले खोके, त्यामागे मातीचा उंच बांध, आणि वाडीत दुसरे कोणी असेल तर रायफल पिशवीतच.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरून ठेवायची रायफल, का नाही घेतली, असे अनेकांनी विचारले. तिला झटका जवळपास नसतो हे खरे. पण रायफल महाग, पंप वेगळा, आणि 200 बारपर्यंत हाताने हवा भरायची म्हणजे छर्रे मारण्याआधीच दंड भरून येणार. स्प्रिंगच्या रायफलीला नळी मोडण्यापलीकडे काही लागत नाही, म्हणून पैसे वाचले असे मी समजत होतो.

पहिल्या शंभर-दीडशे छऱ्यांपर्यंत नळीतून निळसर धूर येत होता आणि जळक्या तेलाचा वास सुटत होता. कारखान्यातून आलेले जादा तेल दाबाखाली पेटते, त्यामुळे वेग कमी-जास्त होतो आणि छर्रे वर-खाली लागतात, एवढे मला माहीत होते. धूर थांबला तरी छर्रे मात्र जागेवर येईनात. सकाळी मधोमध लागणारा नेम दुपारी अडीच सेंटीमीटर खाली लागे. माझ्या दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या चकतीची एक क्लिक नेम 25 मीटरवर सुमारे 1.8 मि.मी. हलवते, म्हणजे चौदा क्लिक वर घ्यायच्या; आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. नळीच वाकडी आहे, असा निकाल मी डिसेंबरात देऊन टाकला आणि दोघा मित्रांना ही रायफल घेऊ नका म्हणून सांगितलेही. ते विधान मी इथे मागे घेतो. नळीत काहीही खोट नव्हती.

खोट सापडली ती पत्नीच्या नेलपॉलिशमुळे. जानेवारीत मी मागच्या रिंगेपासून खालच्या रेलपर्यंत, म्हणजे रिंगा ज्यावर आवळतात त्या रायफलीवरच्या पट्टीपर्यंत, एक बारीक लाल रेघ ओढली आणि चाळीस छर्रे मारले. रेघ मधोमध तुटली होती; रिंगेवरचा तुकडा रेलवरच्या तुकड्याच्या दोन मिलिमीटर मागे, म्हणजे माझ्या डोळ्याच्या दिशेने सरकला होता. अॅलनच्या पान्याने स्क्रू आवळून पाहिले, थ्रेडलॉकर (स्क्रू जखडणारा गोंद) लावून पाहिले, तरी दर वेळी रेघ तुटतेच.

कारण साधे आहे. स्प्रिंगने ढकललेला, हवा दाबणारा पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पुढच्या टोकाला तो हवेच्या गादीवर अडला की रायफल पुढे हिसका खाते. हा दुसरा हिसका दुर्बिणीच्या मुळावर येतो, कारण रायफल पुढे जाते आणि दुर्बीण आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते. रेल काही आरशासारखी सपाट नसते. दोन रिंगांत दहा सेंटीमीटर अंतर असताना एक रिंग नव्या जागी केसाच्या जाडीएवढी, म्हणजे 0.1 मि.मी. जरी वर-खाली बसली, तरी 25 मीटरवर अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. माझ्या चौदा क्लिक त्याच होत्या.

यावर उपायही साधाच आहे. माझ्या रायफलीच्या रेलवर मागे तीन भोके आहेत आणि माउंटमधली (दुर्बीण धरणाऱ्या बैठकीतली) एक खुंटी त्यातल्या एकात बसली की माउंट मागे सरकत नाही. सोबत दिलेल्या रिंगांना ही खुंटीच नाही. मग ती भोके काय शोभेला पाडली आहेत? दुकानाला फोटो पाठवले, तर उत्तर आले की स्क्रू ग्राहकाने सैल ठेवले असावेत. पुढे नळी तपासण्यासाठी रायफल माझ्या खर्चाने परत पाठवा म्हणाले. तीस पैशांची खुंटी वाचवायची आणि ग्राहकाला पाच महिने पत्रव्यवहार करायला लावायचा, हा हिशेब मला अजून उमगलेला नाही.

मार्चमध्ये मी खिशातले चौदाशे रुपये घालून खुंटीवाला अखंड माउंट घेतला. त्यानंतर रेघ एकदाही तुटलेली नाही आणि पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा पसारा, सात सेंटीमीटरवरून तीनच्या आत आला. रायफलीबद्दलचे माझे मत त्या एका दुपारी पालटले. उरलेला फरक माझ्या धरण्याचा होता. घट्ट आवळून धरली की छर्रे भरकटतात, कारण छर्रा नळीत असतानाच रायफल हलू लागलेली असते. दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवला की ती दर वेळी सारखीच उसळते. दुर्बीण मात्र बदलावीच लागली. स्वस्तातल्या 3-9×40 (तीन ते नऊ पट, 40 मि.मी. भिंग) दुर्बिणीचा पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉस जागचा हलत नाही ते अंतर, 100 यार्डांना पक्का बसवलेला असतो, आणि 25 मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉसची रेघ कागदावर फिरते. पॅरालॅक्स 10 मीटरपर्यंत खाली आणता येईल अशीच घ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

पावसाळ्यासाठी एक सूचना. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवी उघडली तर नळीवर तांबूस ठिपके. पिशवीच्या आतला फोम मुंबईची दमट हवा पिऊन बसतो, म्हणून आता रायफल कुलूपबंद कपाटात, पिशवीबाहेर ठेवतो आणि तेलाचा नुसता हात फिरवलेल्या फडक्याने वरून पुसतो. नळीच्या आत तेल सोडू नका, नाहीतर पुन्हा धूर सुरू होतो.

त्या दोन मित्रांना मी फोन करून रायफल घ्यायला हरकत नाही, पण रिंगांची किंमत कापून मागा, असे सांगितले आहे. दुकानाने पाठवलेल्या रिंगा खोक्यासकट पडून आहेत. नेलपॉलिशची बाटली रायफलीच्याच पिशवीत राहते आणि पत्नीने त्याबद्दल वसूल केलेल्या नव्या बाटलीचे एकशे ऐंशी रुपये मी खर्चात धरले आहेत.