गोड्या पाण्यात दाखवलं, खाऱ्या तळ्याला विकलं

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं पाऊण एकराचं कोळंबीचं तळं आहे. गेल्या हंगामात बीज सोडल्यापासून ७०व्या दिवशी अमोनिया तपासायच्या किटमध्ये रंग गडद हिरवा आला, म्हणजे कोळंबीला विषारी असणारा अमोनिया पाण्यात फार वाढला होता. कोळंबीने खाणं कमी केलं होतं, किती खाल्लं ते बघायला तळ्यात सोडतो त्या चेक ट्रेमध्ये खाद्य तसंच उरायचं. मी घाबरलो होतो, आणि नेमका तेव्हाच एक औषधविक्रेता कळव्याला घरी आला.

त्याने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ग्लासात घेतलं, अमोनियाचे थेंब टाकले. किट हिरवं. मग चमचाभर झिओलाइट, म्हणजे अमोनिया धरून ठेवणारी खनिजाची पावडर, ढवळलं. अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं तर किट पिवळं, म्हणजे अमोनिया गायब! आई म्हणाली, घेऊन टाक. २५ किलोच्या २० गोणी, गोणीला १,८०० रुपये, म्हणजे ३६ हजार रोख दिले. पावती कच्ची. गोणीवर ना बॅच नंबर, ना किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीचा नोंदणी क्रमांक. "खाद्य चालू ठेवा, सोबत चुनाही मारा," असं सांगून तो गेला.

पावडर तळ्यात टाकून सहा दिवस मी वाट पाहिली. किट हिरवंच. पहाटे कोळंबी गुदमरून काठाला यायला लागली.

शेवटी तळ्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात तीच पावडर ढवळली. पाण्याचा खारटपणा १८ होता, म्हणजे लिटरमागे साधारण १८ ग्रॅम क्षार. रंग जराही हलला नाही. झिओलाइट स्वतःतला सोडियम सोडून अमोनिया धरतं. खाऱ्या पाण्यात सोडियमच इतका असतो की अमोनियाला जागाच मिळत नाही. गोड्या पाण्यातलं वापरलेलं झिओलाइट मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरण्याजोगं करतात, ते याचमुळे. म्हणजे ग्लासातला प्रयोग खरा होता, पण माझ्या तळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि चुना? त्याने पीएच चढतो, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. त्या सहा दिवसांत खाद्य कमी करायला हवं होतं, पाणी बदलायला हवं होतं, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रभर चालवायला हवे होते.

१०० काउंटवरच, म्हणजे किलोला १०० नग बसतील इतकी कोळंबी लहान असतानाच, माल काढावा लागला. आईने त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

कुणी पावडर विकायला आला, तर आपल्याच तळ्याचं पाणी बादलीत भरून त्याच्यासमोर ठेवा. ग्लासभर नळाचं पाणी घेऊ देऊ नका. तो अजून खाडीकाठी फिरतो. आता गोणीवर नाव नवं आहे, पण वर छापलेली हिरवी कोळंबी तीच.