फोटोंची वही, मोबाइल की हातवारे?

घरात चाळिशीचं बौद्धिक दिव्यांग माणूस आहे, बोलणं तुटक आहे किंवा नाहीच. अशा घरातले लोक मला विचारतात, त्याला मनातलं सांगता यावं म्हणून मोबाइलवरचं ॲप घेऊ की चित्रांची कार्डं करू? मी त्यांना उलट विचारते, यातल्या कशावर त्याला 'नको' म्हणता येईल?

माझा भाऊ ४१ वर्षांचा. देवगडच्या घरात त्याची पहिली वही केली, फोटो दाखवून सांगायची, तेव्हा तिच्यात पेज, पाणी, संडास, टीव्ही, जेटीवर फिरणं असे बावीस फोटो होते. सगळे मागण्याचे. 'दुखतंय' नाही, 'थांब' नाही, 'नको' तर नाहीच; त्याचा फोटो काढणार कसा? सहा महिन्यांनी लाल फुलीचं कार्ड केलं. पहिल्याच सकाळी त्याने ते दुधाच्या फोटोवर आपटलं. तीस-पस्तीस वर्षं आम्ही त्याला न चुकता दूध देत होतो.

वही कुणालाही वाचता येते, वाण्याला, एसटीच्या कंडक्टरला, वॉर्डातल्या सिस्टरला. फोटो मात्र आपल्याच घरातले हवेत. त्याचं ताट, त्याची चप्पल, आपलं मागीलदार. तयार संचात टोस्ट आणि काटे-चमचे असतात, नाहीतर गालफुगे ससे. चाळिशीच्या माणसाच्या हातात ससा देऊ नका. आणि पावसाळ्याचं बघा: लॅमिनेशन कागदाच्या अगदी कडेला कापलं, तर श्रावणापर्यंत आत पाणी शिरून बुरशी धरते. चहूबाजूंनी बोटभर प्लॅस्टिक सोडा, भोकंही त्या प्लॅस्टिकलाच पाडा.

ॲपमध्ये मी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' वापरलं. मोफत आहे, मराठीत बोलतं. आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी ही सहा बटणं चित्रांच्या बाजूलाच असतात. इथे ते आमच्या वहीला हरवतं. शिवाय वहीकडे कुणीतरी बघावं लागतं. आवाज चुलीशी असलेल्या वहिनीपर्यंतही पोचतो. पण तो आवाज पुस्तकी. घरात सगळे 'माका व्हया' म्हणणारे आणि भाऊ एकदम बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला! तो स्वतःच हसला. खरी अडचण जुलैत येते, लाइट जाते आणि चार्जिंग संपतं. ॲपला वेगळा फोन लागतो. गाणी बघायच्या फोनवर ते टिकत नाही.

हातवाऱ्यांना खर्च नाही, ओल्या अंगानेही चालतात. ते हातवारे शिकलेल्या माणसालाच कळतात, हे खरं. पाच-दहा शब्द पुरे, पण ते घरगुती न ठेवता भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशातून घ्या. पुढे त्याला निवासी केंद्रात ठेवायची वेळ आली तर तिथल्या लोकांना व्हिडिओ दाखवता येतो.

चित्रांमुळे उरलंसुरलं बोलणंही बंद होईल, ही भीती सोडा. तसं होत नाही.

त्याऐवजी 'हो'कडे लक्ष द्या. अशी बरीच माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, किंवा शेवटचा शब्द परत म्हणतात. "चहा की पेज?" विचारलं तर "पेज". थोड्या वेळाने "पेज की चहा?" विचारा. उत्तर "चहा" आलं, तर त्याने निवड केलेलीच नाही. दोन्ही वस्तू समोर ठेवून हात कुठे जातो ते बघा.

एकच करायचं तर वही करा, आणि तिच्यात पहिलं कार्ड फुलीचं ठेवा. हातवारे त्याच आठवड्यात सुरू करा. ॲप नंतर, त्याला आवाजाची गंमत वाटली तर.

यांपैकी काहीही निवडलंत तरी त्याच्याबद्दलची एक पानभर माहिती लिहून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवा. भावाला एकदा एका दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रात्रीच्या कागदावर 'शांत आहे' अशी नोंद होती. दुखायला लागलं की तो शांतच होतो. आता त्या पानावरची पहिली ओळ तीच आहे.