पिंक फ्लॉइड: ‘डार्क साइड’ की ‘विश यू वेअर हिअर’?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या दोन अल्बमांपैकी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) कारागिरीत सरस. ‘मनी’ या गाण्यातली गल्ल्याची खणखण टेपचे तुकडे जोडून केलेली. ताल सात मात्रांचा, सॅक्सोफोनही त्यातच वाजतो. गिटारचा सोलो आला की चार मात्रा. गाणी एकमेकांत मिसळतात, म्हणून प्लेअरमधलं शफल (गाण्यांचा क्रम बदलणं) बंद आणि क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावरच पुढचं सुरू होणं) शून्यावर ठेवा, नाहीतर सांधे विस्कटतात.

‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) मध्ये गाणी पाचच. त्यातल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चे नऊ भाग, पाच सुरुवातीला, उरलेले शेवटी. गिटारवादक गिल्मरचे ते प्रसिद्ध चार सूर यायलाच जवळपास चार मिनिटं जातात, शब्द आठ मिनिटं उलटल्यावर. घाईवाले तोवर पसार! तरी कौल यालाच: बँडपासून दुरावलेला संस्थापक सदस्य सिड बॅरेट याची उणीव इथे थेट भिडते.