अतिकठीण सुडोकू: नमुने शोधावेत, रंग लावावेत की सरळ घालून बघावं?

रोजच्या पेपरातलं सुडोकू चहा संपेपर्यंत होतं, पण वर ‘अतिकठीण’ छापलेलं असलं की अर्ध्यात गाडी अडते, अशा माणसासाठी हे लिहितोय. जोड्या, तिकड्या, लपलेले एकटे आकडे हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. त्यापुढे तीन वाटा आहेत. एक्स-विंग, स्वोर्डफिश, एक्सवाय-विंग असे ठरावीक नमुने हुडकायचे, म्हणजे शक्य आकड्यांची अशी मांडणी की जिच्यावरून दुसऱ्या घरातली एखादी शक्यता खोडता येते. नाहीतर जोड्यांना रंग लावत साखळी वाढवायची, म्हणजे कलरिंग. नाहीतर एक आकडा घालून बघायचा आणि फसला तर माघारी यायचं.

मी सुरुवात नमुन्यांनी केली. पहिला एक्स-विंग स्वतःहून सापडला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना तो दाखवला होता, कुणाला काही कळलं नाही तरी. पण नमुने दिसायला हवे असतील तर प्रत्येक रिकाम्या घरात सगळ्या शक्यता लिहून काढाव्या लागतात. फिनलंडचे गणिती आर्तो इंकाला यांचं 2012 सालचं, जगातलं सर्वांत अवघड म्हणून गाजलेलं कोडं घ्या. दिलेले आकडे 21, म्हणजे भरायची घरं 60. पेपरातलं घर करंगळीच्या नखाएवढं, त्यात चार-पाच आकडे बारीक अक्षरात लिहायचे आणि पुढे त्यातले एकेक खोडत जायचे. एक खोडायचा राहिला की असलेला नमुना दिसत नाही. एक जास्तीचा खोडला गेला की नसलेला दिसायला लागतो. स्वोर्डफिश तर नऊही आकड्यांसाठी आधी आडव्या ओळींत आणि मग उभ्या रांगांत शोधायचा. एवढं करून हाती काय, तर एखाद्या घरातली एक शक्यता कमी. फोनवरच्या ॲपमध्ये शक्यता आपोआप भरून मिळतात, तिथे नमुन्यांची बाजू बरीच वर येते हे मान्य. मला मात्र सुडोकू कागदावरच लागतं.

आकडे कमी म्हणजे कोडं अवघड असं काहींना वाटतं, त्यात फारसं तथ्य नाही. 17 पेक्षा कमी आकडे देऊन एकच उत्तर असलेलं कोडं बनत नाही, हे डब्लिनचे गणिती गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने 2012 च्या जानेवारीत संगणकावर तपासून दाखवलं. पण 17 आकड्यांची कितीतरी कोडी साध्या पद्धतीने सुटतात, आणि इंकालांचंच 2006 चं ‘एस्कार्गो’ 23 आकडे देऊनही भल्याभल्यांना रडवतं. तेव्हा आकडे मोजून पद्धत ठरवू नका.

घालून बघण्याचा कट्टर पुरस्कर्ता म्हणजे माझा मिरजेचा मेव्हणा. मी पेन्सिल कानावर अडकवून विचार करत बसलो की त्याचं ठरलेलं वाक्य येतं, “दाजी, कशाला डोकं शिणवताय? घालून बघा की!” आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. संगणक मुळात हेच करतो, आकडा ठेवतो, अडला की मागे येतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी 2000 साली ‘डान्सिंग लिंक्स’ नावाने जी युक्ती मांडली, ती या मागेपुढे करण्यालाच चपळ करणारी. स्पर्धेत घड्याळ अंगावर आलं की मुरलेले खेळाडूही फाटा फोडतात, म्हणजे दोनपैकी एक शक्यता धरून पुढे जातात. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी दोघेतिघे याला चक्क लबाडी म्हणतात, ते मला पटत नाही. अमुक खरं धरू, त्यातून विसंगती निघाली म्हणजे ते खोटं. शाळेच्या भूमितीत अप्रत्यक्ष सिद्धता म्हणून हेच शिकवायचे की.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. माघारी येताना.

समजा एका घरात 4 किंवा 6 आहे. तुम्ही 4 घातला, त्यावरून दहा-बारा घरं भरली आणि एका ओळीत दोन 7 आले. आता खोडायचं. पण काय खोडायचं? कुठले आकडे फाट्याच्या आधीचे आणि कुठले नंतरचे, हे त्या गर्दीत सांगता येत नाही. नंतरच्या आकड्यांखाली रेघ मारून बघितली, फिकट लिहून बघितलं. घाईत तेही सुटतं. आणि मग खोडरबर. पेपरचा कागद तो केवढासा, पावसाळ्यात आधीच सर्द झालेला. दोनदा घासला की लव निघते, तिसऱ्यांदा भोक पडतं. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात सुडोकूच्या बरोबर पाठीमागे शब्दकोडं असतं आणि ते सौ. सोडवते. “अहो, माझं आडवं सातवं कुठं गेलं?” असं तिने विचारलं की त्या भोकातून पलीकडचं दिसत असतं. दुपारी पेपर तिच्या हातात जातो तेव्हा निम्मे शोधसूचक शब्द माझ्या खोडरबराने खाल्लेले. हे एकदोनदा हसण्यावारी गेलं, नंतर जाईना. पेनाने लिहिणाऱ्याची तर आणखी पंचाईत, तिथे माघार म्हणजे नुसती खाडाखोड.

म्हणून हरभट रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी लाल-निळी पेन्सिल आणली. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. मास्तर लोक पेपर तपासायला वापरायचे तीच. कलरिंगला ती जणू मुद्दाम बनवल्यासारखी आहे.

पद्धत माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगतो. एखादा आकडा एका ओळीत, रांगेत किंवा तीन बाय तीनच्या चौकटीत दोनच घरांत बसू शकतो, तर एका घरात लाल ठिपका, दुसऱ्यात निळा. त्यातल्या एखाद्या घरापासून त्याच आकड्याची आणखी अशी जोडी निघाली की रंग आलटून पालटून पुढे न्यायचा. एकाच ओळीत, रांगेत किंवा चौकटीत दोन लाल आले, तर सगळे लाल खोटे आणि निळे खरे. एखाद्या घरावर लालाचीही नजर पडते आणि निळ्याचीही, म्हणजे ते दोघांच्याही ओळीत, रांगेत किंवा चौकटीत येतं, तर त्या घरातून तो आकडा गेला.

विचार केला तर हेही घालून बघणंच आहे, फक्त दोन्ही फाटे एकाच वेळी चालतात आणि निकाल लागेपर्यंत कोडं भरलं जात नाही. खोडायला काही नसतंच. शिवाय सगळ्या शक्यताही लिहाव्या लागत नाहीत. सुडोकूत तीन वेळा जगज्जेता झालेला अमेरिकेचा थॉमस स्नायडर ज्या खुणांसाठी ओळखला जातो, त्यात चौकटीत एखाद्या आकड्याला दोनच जागा असतील तरच तो बारीक लिहितात, बाकी घरं मोकळी. त्या खुणा केलेल्या असल्या की चौकटींतल्या रंगाच्या जोड्या आयत्या तयार असतात. ओळी आणि रांगा तेवढ्या नजरेखालून घालायच्या.

दोष आहेतच. एका वेळी एकच आकडा हाताळता येतो. दुसरा आकडा घ्यायचा तर ठिपक्याऐवजी फुली मारावी लागते, आणि तिसऱ्याला मी तरी जात नाही, चौकट रांगोळीसारखी दिसायला लागते. साखळी आखूड राहिली तर हातात काहीच पडत नाही. पण पेपरात ‘अतिकठीण’ म्हणून येतं त्यातलं बरंचसं माझं रंगावर सुटतं. मोजदाद ठेवलेली नाही, हाताचा अंदाज सांगतोय.

युनिक रेक्टँगलचा उल्लेख राहायला नको. उत्तर एकच आहे या भरवशावर चार कोपऱ्यांतली एक शक्यता उडवायची, अशी ती युक्ती. चालते झकास, पण छपाईत एखादा आकडा गळला असेल तर भरवसाच खोटा पडतो. पेपरातल्या कोड्याला मी ती शेवटीच लावतो.

आता इंकालांच्या कोड्यावर या पद्धती लावून बघा. साध्या पद्धतीने पहिला आकडासुद्धा पडत नाही. रंग लावायला 5 घेतला: वरच्या मधल्या चौकटीत त्याला दोनच जागा, मधल्या उजव्या चौकटीत दोन, आणि सातव्या ओळीत पहिलं किंवा सातवं घर. तीन जोड्या मिळाल्या म्हणून मी खूश, पण तिन्ही सुट्या. एकीतून दुसरीत रंग जातच नाही, प्रत्येक जोडी दोन घरांवर थांबते. इथे माझी लाडकी पद्धत हात टेकते, हे कबूल करायला हवं. मग मेव्हण्याची वाट. आठव्या ओळीत सातव्या घरात 3 किंवा 9, एवढंच. 3 घातला, तर त्यावरून पुढे एकही घर आपसूक भरत नाही. 9 घातला, तरी तीच गत. म्हणजे फाट्यात आणखी एक फाटा फोडायचा, आणि माघारी येताना दोन ठिकाणी माघारी यायचं. खोडरबराचं काय होईल ते तुम्हीच बघा.

तर फोनवर खेळत असाल, तर नमुने शिका. तिथे ते सोयीचे पडतात आणि एकदा डोळा बसला की मजाही येते. वेळ लावून खेळत असाल, स्पर्धेला उतरायचं असेल, तर घालून बघण्यावाचून सुटका नाही, फक्त दोनच शक्यता असलेलं घर निवडून फाटा फोडा. पेपर हातात घेऊन, कुणाच्या घाईत नसताना सोडवत असाल, तर आधी रंग लावून बघा असं मी म्हणेन. माझ्या मेव्हण्याला हे पटत नाही, आणि गंमत म्हणजे माझ्याइतकीच कोडी त्याचीही सुटतात. पण त्याच्या घरी शब्दकोडं सोडवणारं कुणी नाही.

इंकालांचं कोडं घ्यायचंच असेल, तर दोन झेरॉक्स काढा. एकीवर आठव्या ओळीतल्या त्या घरात 3 लिहा, दुसरीवर 9, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पुढे जा. कोणता कागद फेकायचा ते सांगत नाही. लाल-निळी पेन्सिल मात्र प्लॅस्टिकच्या शार्पनरने तासू नका, तिचं टोक मऊ असतं आणि आतच तुटून बसतं, ब्लेडने तासा.