रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० ला कुठला ऑइल फिल्टर: कागदी की धुऊन वापरायचा स्टीलचा?

स्प्लेंडरवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही. तिथे कागदी फिल्टर नाहीच. खाली एक जाळी आणि क्रँकबरोबर गरगर फिरून कचरा कडेला फेकणारा एक गोल डबा, संपला विषय. आपल्या यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेल्या, इंजिनवाल्या क्लासिकला (२०२१ मध्ये नव्या जे-सिरीज इंजिनाची क्लासिक आली त्याआधीची, ३४६ सीसीची) मात्र उजव्या बाजूचं झाकण खोलून फिल्टर काढावा लागतो. आणि एकदा घरी ऑइल बदलायला लागलं की कुणीतरी सांगतंच, ‘दर वेळी कागदी कशाला घेतोस, स्टीलचा टाक, जन्मभर पुरेल.’

मी दोन्ही वापरलेत. मापं घेतलेली नाहीत, एकाच गाडीवरचा अनुभव आहे, तेव्हा तुमचं मत वेगळं असू शकतं.

पैशाचं आधी उरकून टाकू. कागदी फिल्टर शंभर-दीडशेच्या आसपास मिळतो. ५,००० किलोमीटरला एक धरला तरी ५०,००० किलोमीटरला दहा, म्हणजे हजार-दीड हजार रुपये. नावाजलेला, बाहेरून मागवलेला स्टीलचा फिल्टर याच्या कितीतरी पट महाग. स्वस्तातलेही मिळतात, पण त्यांच्या जाळीची भोकं किती मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते पाकिटावर सहसा नसतं, आणि तेच माहीत नसेल तर घेऊन काय करायचं? थोडक्यात, पैसे वाचवायला स्टीलकडे जाणार असाल तर हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

गाळण्याच्या बाबतीत दोघांचीही बाजू आहे. स्टीलची जाळी म्हणजे चहाची गाळणी. भोकापेक्षा मोठं ते अडकणार, लहान ते सरळ पुढे जाणार. चांगल्या जाळ्या ३०-३५ मायक्रॉन सांगतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. कागदाचा आकडा एवढा ठाम नसतो, पण कागदाला जाडी असते, त्यामुळे धाग्यांच्या गुंत्यात त्याहून बारीक कणांतलेही काही अडकून राहतात. उलट स्टीलमधून ऑइल मोकळं वाहतं. लडाखच्या थंडीत सकाळी गाडी सुरू करताना त्याचा उपयोग होत असेल. आपल्याकडे महाबळेश्वरच्या जानेवारीतही मला काही फरक जाणवला नाही.

यूसीईत हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेतले छोटे भाग) आहेत, ते ऑइलच्या दाबावर चालतात आणि त्यांना घाण अजिबात चालत नाही. शिवाय इंजिन, क्लच आणि गिअर तिन्हींना तेच ऑइल, त्यामुळे क्लच प्लेटची झीजही त्यातच उतरते. म्हणून फिल्टरकडे दुर्लक्ष करायची ही गाडी नव्हे, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

माझा निर्णय झाला तो धुण्यापाशी.

‘धुऊन पुन्हा वापरा’ हे वाचायला सोपं आहे. धुवायचा कशात? रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल पंपावरून कॅनमध्ये आणायचं. फ्लॅटच्या बाल्कनीत बसायचं, घरात दोन दिवस वास. धुऊन झालं की ते काळं डिझेल टाकायचं कुठे? जुनं ऑइल निदान गॅरेजवाला ठेवून घेतो, कारण ते पुढे विकलं जातं. पण ऑइल मिसळलेलं डिझेल बघून तो हसतो. मोरीत ओतायला मन धजत नाही, आणि ओतूही नये.

तरीही हे सगळं चाललं असतं. खरी खटकणारी गोष्ट पुढे आहे. अशा फिल्टरमध्ये ऑइल सहसा बाहेरून आत जातं, म्हणजे घाण बाहेरच्या अंगाला आणि आतली बाजू स्वच्छ. आतून निघालेलं ऑइल थेट बेअरिंगकडे, टॅपेटकडे. आता हा फिल्टर मळक्या डिझेलमध्ये बुडवला की बाहेरची घाण आतही जाणार. त्यावर बाहेरून हवा मारली तर उरलीसुरलीही आत. म्हणून हवा आतून बाहेर मारायची, आतल्या बाजूने वेगळं स्वच्छ डिझेल सोडायचं, उजेडात धरून प्रत्येक घडी बघायची. एवढं करूनही ‘झाला का स्वच्छ?’ याचं खात्रीचं उत्तर मला कधीच मिळालं नाही. झाकण लावताना दर वेळी तीच रुखरुख. कागदी फिल्टर पाकिटातून निघतो तो कोरा. ही शंका तिथे येतच नाही.

ज्यांच्याकडे शेड आहे, कॉम्प्रेसर आहे, जे दर २-३ हजार किलोमीटरला ऑइल बदलतात किंवा जिथे पार्टचं दुकान नाही अशा भागात महिना महिना फिरतात, त्यांनी स्टीलचा जरूर विचार करावा. बाकीच्यांना मी कागदीच घ्या म्हणेन, आणि शक्यतो कंपनीचा. बाहेरचे सगळे वाईट असतात असं नाही, पण एकदा बाहेरून घेतलेल्या पाकिटात ओ-रिंगाच (गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगा) निघाल्या नाहीत. गाडीचं ऑइल खाली काढून झालेलं, रविवार, दुकानं बंद.

बदलताना गाडी थोडी गरम करून घ्या, ऑइल पुरतं निथळू द्या. जुनी ओ-रिंग खाचेत चिकटून राहते. ती न काढता वर नवी बसवली की गळती ठरलेली. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा. जुना फिल्टर कुठल्या तोंडाने बसला होता ते काढतानाच बघून ठेवा. झाकणाचे बोल्ट आळीपाळीने आणि हलक्या हाताने आवळा. खालचं ॲल्युमिनियम आहे; आटे गेले तर फिल्टरच्या कितीतरी पट खर्च. मग खालचा बोल्ट लावून नवं ऑइल भरा, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून थांबा आणि त्यानंतरच इंजिनावरच्या छोट्या काचेत ऑइलची पातळी बघा. नवा फिल्टर थोडं ऑइल पितो, त्यामुळे ती जरा खाली गेलेली दिसेल. तेवढं वरून भरा.