सारंगखेड्याचा घोडेबाजार: घोडी पसंत, भाव नापसंत

आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, त्यामुळे दत्तजयंतीला तापीकाठचा हा बाजार चुकवत नाही. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, सगळं एकाच ठिकाणी. यंदा एका व्यापाऱ्याने वय दाखवायला स्वतःहून घोडीचा ओठ उचलला, "भाऊ, पहिले दात देखी ल्या!" मग त्याचा पोरगा पाण्याने भरलेला पेला हातात धरून घोडीवर बसला. रेवाल चालीत, म्हणजे हिसके न देणाऱ्या सपाट चालीत, लांबलचक फेरी मारली, पाणी सांडलं नाही. घोडी चोखच. भाव मात्र अव्वाच्या सव्वा, उठलो.

इथे सौद्यावर बाजार शुल्काची पावती फाटते, ते समजू शकतो. पण रेसकोर्सवर घोड्यांवर लागणाऱ्या पैजेचं बघा: तिच्यावर आधी 28, सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी. तो सरकारी तिजोरीत, घोड्यासाठी वेगळा काढलेला वाटा नाही. ब्रिटनमध्ये 1961 च्या कायद्यापासून बुकींकडून (पैजा घेणाऱ्यांकडून) लेव्ही, म्हणजे शर्यतींसाठीची सक्तीची वर्गणी, घेतात, त्यातून शर्यतींची बक्षिसं आणि घोड्यांच्या आजारांवरचं संशोधन चालतं. आपल्याकडे पाळणाऱ्याने चारा स्वतःच बघायचा!

नवख्याने जाणता माणूस सोबत न्यावा. जीन-लगाम आम्ही शेवटाला घेतो, तेव्हा घासाघीस जमते.