२४९ ग्रॅमचा ड्रोन विमानात नेताना घोडं अडतं ते बॅटरीवरच्या अक्षरांपाशी

गेल्या महिन्यात माझ्या ड्रोनच्या गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची) रिबन केबल तुटली, दुरुस्तीचं बिल पाहून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलोय. ड्रोन उडतो कसा, व्हिडिओ कसे येतात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी हा ड्रोन घेतला तोच विमानातून सोबत नेता यावा म्हणून. दोन वर्षांहून जास्त काळ पुण्याबाहेर पडताना तो बॅगेत असतोच, तेव्हा बोलतो ते तेवढ्याबद्दलच.

वजनाचा त्रास शून्य. रिमोट, तीन बॅटऱ्या, त्या चार्ज करायचा डबा म्हणजे चार्जिंग हब धरून सगळं किलोभराच्या आसपास, त्यामुळे सात किलोंच्या केबिन बॅगेत कपड्यांनाही जागा उरते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. इथपर्यंत मी खूश आहे.

राग आहे तो बॅटरीवरच्या छपाईचा. सुट्या, म्हणजे उपकरणात न बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या जवळच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीत किती ऊर्जा साठते त्याचं माप) परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या दोनच सुट्या बॅटऱ्या आणि त्याही विमान कंपनीला विचारून. माझ्या ड्रोनची बॅटरी २२५० मिलिअँप-अवर, म्हणजे २.२५ अँप-अवर, आणि ७.७ व्होल्ट. २.२५ गुणिले ७.७ केलं की १७.३ वॉट-अवर, म्हणजे मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण तपासणीला उभा असलेला जवान गुणाकार करत बसणार नाही, त्याला छापलेला आकडा हवा. आणि तो आकडा कंपनीने राखाडी प्लॅस्टिकवर राखाडी शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलाय! एकदा पहाटेच्या विमानाच्या वेळी जवानाने तिन्ही बॅटऱ्या ट्रेमधून उचलून दिव्याखाली धरल्या, शेजारच्याला बोलावलं, त्यालाही वाचता येईना. मागे रांग खोळंबली. शेवटी मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून दाखवला तेव्हा सुटका झाली. जवानांचं काहीच चुकलं नाही, आकडा वाचल्याशिवाय सोडू नये हेच त्यांचं काम. एवढे पैसे मोजलेल्या वस्तूवर एक आकडा ठळक छापायला कंपनीला किती खर्च आला असता?

हबचंही तसंच. त्याच्यावर फोन चार्ज होतो, म्हणजे बॅटऱ्या आत असल्या की ती पॉवर बँकच झाली, आणि स्कॅनरवर तसाच दिसल्यामुळे बॅग उघडावी लागते. मी आता बॅटऱ्या काढून हब रिकामा ठेवतो.

एवढी कडक तपासणी कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीतल्या प्रवासी विमानाला आग लागली आणि तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे गेली. १ मार्चपासून तिथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी झाली. लिथियम बॅटरीचा एक सेल तापला की शेजारचा तापवतो. सामानाच्या कक्षातला वायू ज्वाळा दाबतो, पण आतलं तापणं थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान माणसं पाणी घेऊन धावतात.

दुसरं मत बदललं ते ड्रोनच्या बॉडीबद्दल. बॅटरी काढलेली बॉडी चेक-इनला दिली तर नियमात बसतं, आणि काही बिघडत नाही असं मीही मित्रांना सांगायचो. गेल्या महिन्यात काउंटरवर सांगितलं की ड्रोन केबिनमध्ये चालणार नाही. त्याच कंपनीच्या वेबसाइटवर चालतो असं लिहिलेलं दाखवलं, मॅनेजर आले, ऐकलं नाही. बॅटऱ्या माझ्याकडे, बॉडी पट्ट्यावर. उतरल्यावर बॅग उघडली तर गिंबल धरून ठेवणारा क्लॅम्प निसटलेला आणि कॅमेरा लोंबकळत होता. तक्रार केली तर उत्तर आलं की नाजूक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी आम्ही घेत नाही. नियम विमान कंपनीगणिक वेगळे आहेत, तेव्हा तिकीट काढायच्या आधी वाचा आणि ते पान छापून सोबत ठेवा. मी आता बॉडी हातातून सोडणार नाही, मग वाद घालावा लागला तरी बेहत्तर.

अग्निरोधक पिशवी मी घेतली होती, पण तो खर्च टाळता येतो. नियमात एवढंच आहे की टोकांचा एकमेकांशी किंवा धातूशी संपर्क येऊ नये. प्रत्येक बॅटरी वेगळ्या झिपलॉक पिशवीत, टोकांवर इन्सुलेशन टेप, झालं काम. फुगलेली बॅटरी मात्र घरीच ठेवा. आणि दहा रुपयांचे पांढरे स्टिकर आणा. त्यावर ठळक इंग्रजीत १७.३२ वॉट-अवर लिहून छापील मजकुराच्या शेजारी चिकटवा, मजकूर झाकू नका. जवान आधी स्टिकर वाचतो, मग छापील आकड्याशी ताडून बघतो आणि पुढे जा म्हणतो. माझे सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

परदेशातून येताना नवा ड्रोन आणायचा विचार असेल तर सोडून द्या, ९ फेब्रुवारी २०२२ पासून आयातीवर बंदी आहे. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये परवान्याशिवाय ड्रोन आत नेता येत नाही. इतरत्र स्वतःचा जुना ड्रोन नेणार असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतल्यावर तो इथूनच नेला होता हे पटवताना दमछाक होईल. प्रमाणपत्रावर अनुक्रमांक लिहून घ्यावा लागतो, म्हणून ड्रोन हाताशी ठेवा आणि त्या कामासाठी थोडा जास्त वेळ काढून निघा.